नकाशातला ओटा

तारीख ९, रविवार. दुपार, जेवणं उरकल्यावर.

माझ्या विसरभोळ्या लेकाला आईचे भरपूर आशीर्वाद, आणि त्याच्या खालोखाल भरपूर राग.

अरे, तुला एक आई आहे. आठवत नसेल म्हणून ओळख करून देते. बुटकी, बडबडी, डाव्या गुडघ्यानं कुरकुरणारी, तुला जन्म दिलेली. मागच्या खेपेला इथून गेलास तेव्हा चष्मा माझ्या उशाशी, छत्री दाराच्या कडीला आणि एक मोजा खाटेखाली ठेवून गेलास. स्वतः गेलास हेच नवल. मला वाटलं होतं, तेही विसरशील.

मी खुशाल आहे. भूक लागते, झोप येते, खालच्या दुकानदाराशी भांडायला आवाज पुरतो. गुडघा पूर्वीसारखा होणार नाही म्हणतात, पण दर मंगळवारी इस्पितळात जाऊन पाय वर-खाली करून येते. तिथली व्यायामाची बाई म्हणते, आजी छान करता. तिला सगळ्यांनाच तसं म्हणायचा पगार मिळतो, तरी ऐकायला बरं वाटतं.

आता तू म्हणशील, आईला अक्षरओळख नाही, मग हे लिहितंय कोण? म्हणशील कशाला, पाकिटावरचं अक्षर बघूनच समजला असशील. तुझी लेक लिहितेय. गुडघ्याच्या औषधांबद्दल चार ओळी लिहायच्यात असं सांगून मी तिला बसवलं. बाकीचं काय लिहायचंय ते तिला आत्ता कळतंय. बघ, पेन थांबलं.

"आजी, औषधं म्हणाली होतीस."

म्हटलं, हेही औषधच आहे. जसं बोलते तसं लिही. एक शब्द गाळलास तरी मला कळेल, कारण पाकीट बंद करण्याआधी मी दुकानदाराकडून वाचून घेणार आहे. त्याला सांगून ठेवलंय. तो खूश आहे, त्याला दुसऱ्यांच्या घरातलं वाचायला आवडतं.

फोन का केला नाही, तर फोनवर तिचं नाव काढलं की तुझ्या भट्टीत काहीतरी जळायला लागतं. "आई, पाव करपतायत, ठेवतो." वर्षभरात तुझ्या बेकरीतले इतके पाव करपले की अजून गिऱ्हाईक येतं कसं याचंच मला आश्चर्य वाटतं. पत्राला ती सोय नाही. हे तुला शेवटपर्यंत वाचायला लागणार. आणि मला जे पाहिजे ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काय निघतंय म्हणून तू पानं उलटत बसणार नाहीस. तू हिच्याशी बोलायला हवंस. एवढंच. बाकी जे खाली आहे ते का बोलायला हवंस ते आहे.

तू तिला म्हणालास, बेकरी सांभाळ. ती म्हणाली, मला इमारती मोजायच्यात. तू म्हणालास, "भिंतींचे फोटो काढायला एवढं शिकवलं का तुला?" ती बॅग उचलून माझ्याकडे आली. तेव्हापासून तुम्ही दोघं गप्प, आणि मधे मी, दोन्हीकडून फुगलेल्या दोन तोंडांकडे बघत. कोण चुकलं ते मला विचारू नका. मी निकाल द्यायला बसलेली नाही. मी फक्त डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

ती फोटो काढत नाही. हे आधी डोक्यातून काढ.

तीन पायांवर उभं असतं एक यंत्र, साधारण तुझ्या पिठाच्या डब्याएवढं डोकं. ते डोकं स्वतःभोवती फिरतं आणि चहूकडे उजेडाच्या बारीक रेघा फेकतं. रेघ भिंतीला लागते, परत येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्राला कळतं की भिंत किती लांब आहे. अशा लाखो रेघा. भिंत, छत, खिडकीची चौकट, नळ, नळाला आलेला गंज, सगळ्यावर एकेक ठिपका बसतो. मग यंत्र उचलायचं, दुसऱ्या खोलीत न्यायचं, परत तेच. शेवटी सगळे ठिपके जोडले की आख्खी इमारत पडद्यावर उभी राहते. आत शिरता येतं, वरून बघता येतं, कुठूनही कापून आत काय आहे ते बघता येतं. तू पाव कापून बघतोस ना भाजलाय का, तसं. फक्त हिची इमारत कापल्यावर तशीच्या तशी राहते.

हे कशाला, तर जुन्या इमारतीत नवीन काम करायचं असलं की आधी असलेली इमारत काय आहे ते नीट माहीत पाहिजे. माझं इस्पितळच घे. जुने नकाशे आहेत, पण त्यानंतर कुणी दार बुजवलं, कुणी खोलीची दोन केली, कुणी नळ फिरवला, आणि कुणीही कागदावर काही मांडलं नाही. नकाशातल्या दारातून जायला गेलं तर कपाळ फुटेल. तिथं आता एक मोठं तपासणीचं यंत्र बसवणार आहेत, ज्यात माणसाला झोपवून आत सरकवतात. त्यासाठी तळमजल्यावरची एक भिंत पाडून मोठं दार करायचं ठरलं. आणि पाडायच्या आधी सगळी इमारत मोजायचं काम मिळालं कुणाला? लिही ना, थांबलीस का? तुझ्या लेकीला मिळालं. लिहिते आहे, पण अक्षर बारीक केलंय बघ.

मी तिला काम करताना पाहिलंय. यंत्र लावायच्या आधी ती खोलीत नुसती फिरते. बोट वाकवून भिंतीवर टकटक करते, मान तिरकी करून ऐकते. पावाच्या बुडावर टकटक करून तू ऐकतोस, अगदी तशी, तीच मान, तोच खालचा ओठ पुढे. मी विचारलं, "हे कॉलेजात शिकवतात?" म्हणाली, "नाही गं, सवय आहे." कुणाची सवय ते ती बोलली नाही. मीही बोलले नाही. पण आता लिहून घेतलं.

पुढचं ऐक, आता गंमत आहे.

एका मंगळवारी माझा व्यायाम संपला आणि ही अजून मोजतच होती. बाहेरच्या रुग्णांची तपासणी जेवणाच्या सुट्टीत बंद असते, तेवढ्या वेळात तिला यंत्र लावायची परवानगी. मी मागच्या बोळात कोपऱ्यात स्टुलावर बसले. ती म्हणाली, "आजी, एक तर बाहेर जा, नाहीतर अजिबात हलू नकोस. हलणारी माणसं ठिपक्यांत धुरासारखी येतात, मग पुसत बसावं लागतं. हललीस तर भूत होशील." म्हटलं, या वयात भूत व्हायची घाई नाही मला. शाल डोक्यावरून घेतली, पायांपर्यंत ओढली आणि भिंतीला टेकून बसले. नुसती बसले नाही, मला झोप लागली. अशी गाढ की तिनं यंत्र बोळाच्या या टोकाला लावलं, मग त्या टोकाला लावलं, मला पत्ता नाही.

आता त्या यंत्राला आई आणि खांब यातला फरक कळत नाही. जे आहे ते आहे. हललं नाही, म्हणजे इमारतीचं.

हिच्या कचेरीत एक नकाशेवाले काका आहेत. पोट मोठं, मन त्याहून मोठं. ठिपक्यांवरून रेघा मारून नकाशा काढायचं काम त्यांचं. वेळ थोडा म्हणून त्या बोळाचे रंगीत फोटो घेतलेच नव्हते, नुसते राखाडी ठिपके. काकांना कोपऱ्यात दिसलं काय, तर खाली रुंद, वर निमुळतं, भिंतीला चिकटलेलं काहीतरी. त्यांनी विचार केला आणि लिहिलं: "जुना ओटा. पाडणे." लाल शाईत.

हो रे बाबा. तुझ्या आईला पाडायचा हुकूम निघाला. लाल शाईत. (ही आता हसतेय. लिहिताना पान हललं, ते माझ्यामुळे नाही.)

हसण्यासारखं आत्ता आहे, त्या दिवशी नव्हतं. कारण त्याच नकाशाबरोबर हिनं आणखी एक गोष्ट कळवली होती. जी भिंत पाडून मोठं दार करायचं होतं, ती जुन्या नकाशात नुसत्या आडोशाची भिंत होती. हिनं त्या भिंतीलगतच्या खोलीच्या खोट्या छताच्या दोन फळ्या काढून यंत्राचं डोकं त्या भोकातून वर घातलं होतं. वर, जिथं कुणी बघत नाही तिथं, एक मोठी तुळई होती, आणि ती येऊन त्याच भिंतीवर टेकली होती. त्या तुळईवर वरचा मजला. वरच्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड. हिनं लिहिलं, ही भिंत पाडू नका.

ठेकेदाराची माणसं सोमवारपासून कामाला लागणार होती, ती हिच्या कागदानं अडली. त्या सोमवारच्या आधीच्या मंगळवारी सगळे इस्पितळात जमले. मोठ्या डॉक्टरीणबाई, ठेकेदार, नकाशेवाले काका आणि ही. ठेकेदार आला तो सरळ बोळात गेला, ओटा बघायला. ओटा कुठाय? कोपरा रिकामा. नुसतं एक स्टूल.

पुढचं मी काकांकडून ऐकलंय. हिच्याकडून नाही, ही सांगत नाही.

ठेकेदार म्हणाला, "बाई, तुमच्या यंत्राला नसलेला ओटा दिसतो. मग ती तुळई तरी असेल कशावरून?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणखी दोन शब्द घालून. डॉक्टरीणबाई हिच्याकडे बघायला लागल्या. त्यांना तरी काय ठाऊक? छत परत उघडायचं म्हणजे खोलीतली आजारी माणसं हलवायची, धूळ, गोंधळ. ज्या पोरीनं नसलेला ओटा काढला तिच्या शब्दावर हे करायचं का?

काका तोंड उघडणार होते, की रेघ माझी, चूक माझी. हिनं त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाली, "नकाशावर सही माझी आहे. चूक माझी. पण यंत्रानं तिथं काहीतरी पाहिलंय, ते खोटं नाही. आम्ही त्याला नाव चुकीचं दिलं. ते काय होतं ते आधी दाखवते, मग तुळईचं बोलू."

आणि तिथंच बोळात जमिनीवर बसून कॉम्प्युटर उघडला, ओटा इकडून फिरवला, तिकडून फिरवला. काका म्हणाले, एकाएकी तिचे कान लाल झाले. तुझे होतात तसे. मग ती उठली आणि जिना धावत चढली.

मी वर व्यायामाच्या खोलीत, एक पाय हवेत. ही दारात, धापा टाकत.

"आजी, चल खाली. बसायचंय तुला."

"अगं, बसतेच तर आहे रोज. त्यासाठी पळत आलीस?"

"त्या दिवशी बसली होतीस तशी. शाल घे."

व्यायामाची बाई ओरडली, अजून दहा वेळा पाय उचलायचा राहिलाय. ही म्हणाली, "नंतर उचलेल." मला काही कळेना, पण हिचा चेहरा बघून मी निमूट लिफ्टकडे चालू लागले. निमूट! यावरून समज काय चेहरा असेल.

खाली मला त्याच स्टुलावर बसवलं. शाल डोक्यावरून, पायांपर्यंत. काकांनी नकाशा हातात धरला, हिनं फीत काढली. "डोक्यापासून जमीन?" काकांनी आकडा वाचला, हिनं फीत लावली, बरोबर. "भिंतीपासून गुडघा?" बरोबर. खांद्याची रुंदी? माझी रुंदी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली रे, तीही बरोबर निघाली. बोटाचाही फरक नाही. बोळात नर्सा जमल्या. मी शालीतून तोंड बाहेर काढलं आणि ठेकेदाराला म्हटलं, "पाडायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी होतं."

डॉक्टरीणबाई अशा हसल्या की त्यांना भिंतीला हात टेकावा लागला. ठेकेदारालाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत गिळलं. मग डॉक्टरीणबाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "जे यंत्र आजींच्या शालीची चुणीसुद्धा सोडत नाही, त्यानं तुळई उगाच दाखवली नसेल. खोली रिकामी करा. छत उघडा."

खोली रिकामी करायला वेळ लागला. ही भिंतीजवळ उभी, हाताची घडी घालून. मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. तिचा हात धरला तर गार होता. म्हटलं, "खात्री आहे ना?" म्हणाली, "आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, खात्री असली तरी भीती वाटते गं." मी तिचा हात सोडला नाही. तू पहिल्यांदा भट्टी पेटवलीस त्या सकाळी तुझाही हात असाच गार होता.

ठेकेदार दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः शिडीवर चढला. डोकं वर घातलं, बॅटरी लावली. आम्हाला नुसते त्याचे पाय दिसत होते. बराच वेळ पाय हलले नाहीत. मग खाली आला. केसांवर धूळ, चेहरा उतरलेला. शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "भिंतीवरच टेकलीय." आणि परत, कुणाकडेही न बघता, "वर पोरं झोपलीत. मी हातोडे आणून ठेवले होते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा वेळी वाजवत नाहीत. डॉक्टरीणबाई वर मुलांच्या वॉर्डात गेल्या, नुसत्या बघून आल्या. ठेकेदार उठला, हिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भिंत राहील. दार कुठं करायचं ते तुम्ही सांगा." वयानं तुझ्याएवढा असेल तो. हिला "तुम्ही सांगा" म्हणाला. मी ऐकलं, म्हणून लिहायला लावतेय. जाताना मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, "पण आजी, ओटा मी विसरणार नाही." विसरला नाहीच. आता सगळं इस्पितळ मला ओटाआजी म्हणतं. व्यायामाची बाईसुद्धा. मला आवडतं. या वयात नवीन नाव कुणाला मिळतं?

आता खरं ज्यासाठी पत्र आहे ते. पेन घट्ट धर, पोरी.

"आजी, पुढचं नको."

तुला माहीत आहे मी काय सांगणार ते?

"माहीत आहे. नको."

सांगणारी मी, लिहिणारी तू. लिही.

सगळे गेल्यावर ही बोळात एकटी उभी राहिली. खिशातून फोन काढला. मला वाटलं, कचेरीत कळवणार. मी मागे बसलेली, तिला ठाऊक नव्हतं. मला वाचता येत नाही, पण फोनवर तुझा फोटो आला की ओळखता येतो. पिठानं माखलेला, कपाळावर हात पुसतानाचा. तो फोटो तिच्या फोनमध्ये अजून तसाच आहे. तो पडद्यावर आला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. बोट नुसतं वर धरलेलं. मग फोन परत खिशात. यंत्राचे पाय मिटले, पेटीत घातले, पेटी खांद्यावर. "चल आजी, उशीर होईल."

एवढं मोठं काम केलं आणि पहिलं सांगावंसं वाटलं ते तुला. सांगता आलं नाही. हे मी पाहिलंय. ती आत्ता लिहितेय, म्हणजे खरं आहे. खोटं असतं तर तिनं लिहिलं नसतं. तुझीच लेक आहे, हट्टानं कागद फाडला असता.

आणि तुझंही सांगते. प्रत्येक फोन ठेवताना तू विचारतोस, "बाकी घरात सगळे बरे ना?" अरे, घरात आम्ही दोघी. मी बरी आहे हे मी आधीच सांगितलेलं असतं. मग हे "सगळे" कोण? मी दर वेळी म्हणते, हो, सगळे बरे. आणि फोन ठेवून तिला सांगते, बाबा विचारत होता. ती म्हणते, "मला नाही, घराला विचारत असतील." पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवते.

मला तुझा अभिमान होताच. तू शून्यातून भट्टी उभी केलीस, तुझ्या हातचा पाव डोळे मिटूनसुद्धा ओळखता येतो, हे मी रस्त्यात अनोळखी माणसांना सांगत असते. आता मला दुसऱ्या एका गोष्टीचा अभिमान करायचा आहे आणि तो एकटीला पेलत नाही. गुडघ्यामुळे असेल.

येत्या शनिवारी, सकाळी, इस्पितळाच्या मोठ्या खोलीत ही सगळ्यांना पडद्यावर इमारत दाखवणार आहे. नवीन दार कुठं, यंत्र कुठं, कुठल्या भिंतीला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाई, नर्सा, ठेकेदाराची सगळी माणसं असतील. डॉक्टरीणबाई हिला म्हणाल्या, घरची माणसं घेऊन या. मी एकटी. एकटीनं "माणसं" होत नाहीत. बेकरी एक दिवस बंद राहिली तर तुझं गाव मरत नाही. एक दिवस शिळं खाईल.

येऊन भाषण करू नकोस. माफी मागू नकोस, मागूनही घेऊ नकोस. मागच्या रांगेत बस आणि ती बोलताना तिच्याकडे बघ. नंतर जे काही बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी व्यायामाला वर निघून जाईन.

तुझ्या चुलतबहिणीला आशीर्वाद. शेजारच्या म्हाताऱ्याला सांग, मी अजून आहे.

तुमच्या दोघांच्या मधे बसून कंटाळलेली,
तुझी आई
(खाली अंगठा उमटवलाय. जरा पसरला, शाई जास्त झाली.)

ता. क. रिकाम्या हातानं येऊ नकोस. पाव आण, त्याच सकाळी भट्टीतून काढलेले, सगळ्या खोलीला पुरतील एवढे. कुणाबरोबर पाठवलेस तर मी दारातूनच परत करीन. आणि वाटायचे ते तू, स्वतःच्या हातानं. कुठले आणायचे ते मी सांगत नाही, मला सगळे चालतात. ते हिनं लिहायचंय. तिची ओळ मी वाचून घेणार नाही, दुकानदाराकडूनसुद्धा नाही.

बाबा, तीळ लावलेले आणा. कडेनं जरा जास्त भाजलेले.